तलाव खोल केला की मासे-पाखरं वाढतात का? मामा तलावाबद्दलच्या प्रश्नाचं जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावकडचं गाव, गावाला जुना मामा तलाव, पावसाळ्यात भरला की चाळीसेक एकर पाणी. आता त्याच्या दुरुस्तीचं काम आलंय. पोकलेन लावून अख्खा तलाव खोल करणार, सलंग दीड फूट उचलणार, आतून सगळीकडे दगडी पिचिंग (उतारावर लावलेला दगडांचा थर), नहराला काँक्रीटचं अस्तर, आणि काम झालं की मासेमारीचा ठेका. घरी धानाची शेती आहे म्हणून पाणी वाढलं तर हवंच आहे, पण तुम्हाला पाखरांचाही नाद आहे, आणि गावातले ढिवर लोक (मासेमारी करणारा समाज) या कामावर नाराज का ते कळत नाहीये. "पाणी जास्त तर मासे जास्त, पक्षी जास्त, साधं गणित नाही का?" असं तुम्ही विचारलंय, आणि शेवटी हळूच हेही विचारलंय की सारस परत येईल का.

(पुण्या-मुंबईकडच्यांसाठी : मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आईच्या भावाचा काही संबंध नाही. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले तलाव, पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर आहेत, १९५०-५१ ला मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. सलंग म्हणजे सांडवा, पाळ म्हणजे बांध, बांधी म्हणजे धानाचं खाचर.)

आधी माझं सांगतो म्हणजे माझ्या म्हणण्याला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा. मी लघु सिंचनात एकतीस वर्षं काढली, शाखा अभियंता म्हणून रिटायर झालो. सुरुवात नाशिककडे, मग बरीच वर्षं सोलापूर, शेवटची अकरा वर्षं भंडारा-गोंदिया. पक्षीतज्ज्ञ नाही, मत्स्यशास्त्र शिकलेलो नाही. जे कळलं ते गेज म्हणजे पाणीपातळीची पट्टी वाचताना, चाऱ्यांवर (लहान कालव्यांवर) फिरताना आणि लोकांच्या शिव्या खाताना कळलं.

तर मुद्दा असा की तुम्ही पाणी किती ते विचारताय, आणि आम्ही इंजिनिअर लोकही आयुष्यभर तेवढंच विचारतो, किती दलघमी (दशलक्ष घनमीटर), किती टीएमसी (अब्ज घनफूट). मासा आणि पाखरू मात्र दुसऱ्याच दोन गोष्टी बघतात. एक म्हणजे उथळ काठ किती रुंद आहे, आणि दुसरं म्हणजे पाणी वर्षभरात कधी चढतं, कधी उतरतं आणि किती वेगाने. तुमच्या तलावाचं काम जसं लिहिलंय तसं झालं तर पाणी वाढेल यात शंका नाही, पण काठ जाईल.

हे आकड्यात बघा. जुन्या तलावाला पाळ एका बाजूलाच असते, समोरच्या अंगाला जमीन हळूहळू चढत जाते. समजा तिथे शंभर फुटाला एक फूट चढ आहे. पाणी एक फूट उतरलं की शंभर फूट रुंदीचा ओला चिखल उघडा पडतो, आणि त्याच्या पुढचे शंभर-दीडशे फूट घोट्या-गुडघ्याएवढं पाणी राहतं. आता तोच काठ पोकलेनने कापून दोनास एकचा उतार केला आणि वर दगड लावले, तर पाणी एक फूट उतरल्यावर किती उघडं पडेल? दोन फूट, आणि तेही दगड. चिखल्या, तुतारी असल्या पाखरांची चोच बोटाएवढी, त्यांना पाणी इंच-दोन इंच लागतं. हळदीकुंकू, अडई ही बदकं डोकं खाली घालून हातभर पाण्यातलं खातात. कमळपक्ष्याला तरंगती पानं लागतात, आणि पानं असणारी झाडं मुळं धरतात ती उजेड तळापर्यंत पोचतो तिथेच. गाळाच्या गढूळ पाण्यात चार-पाच फुटांखाली उजेड नावालाच असतो. म्हणजे अख्खा तलाव बारा फूट खोल केला की मधोमध पाणी भरपूर आणि खायला जागा कुठेच नाही. पाणकावळे येतील, टिबुकली दिसेल, बाकी निळंशार पाणी फोटोला छान.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, स्वतः केलंय. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत विदर्भात एक लहान तलाव माझ्या हातून खोल झाला, गावाचं नाव नको. काम चोख, वेळेत, साहेब लोक येऊन फोटो काढून गेले, मलाही बरं वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात गेज बघायला गेलो तर पाळीवर एक म्हातारे ढिवर जाळं सांधत बसले होते. विचारलं, कसं काय, पाणी टिकलं ना यंदा? म्हणाले, "पानी टिकलं जी. पन तुमी तलावाची हीर केली." हीर म्हणजे विहीर. मला तेव्हा राग आला होता खरं सांगायचं तर. मग त्यांनी पाण्यात हात घालून दाखवलं. पूर्वी त्या कडेला हात घातला की शेवाळासारखी पाणवनस्पती बाहेर यायची आणि तिला चिकटलेले गोगलगायी, झिंगे, किडे हातावर वळवळायचे. आता हातात आला तो लाल मुरूम. नुसता मुरूम, धुतल्यासारखा.

त्यातली अजून एक चूक नंतर लक्षात आली. गाळ काढता काढता खालचा मुरूम उघडा केला की तलाव गळायला लागतो. शंभर-दोनशे वर्षांत बसलेला बारीक गाळ म्हणजे तलावाचं अस्तर असतं. वरचा दोन-तीन फूट गाळ काढून शेतात टाकला तर शेतकऱ्याचंही भलं, तलावाचंही भलं, गाळासारखं खत नाही. पण काही कामांत पोकलेनवाल्याला घनमीटरवर पैसे मिळतात, तो थांबेल कशाला. म्हणून खोदकाम कुठपर्यंत ते गावातल्या कुणीतरी उभं राहून बघावं लागतं, आणि पाळीच्या पायथ्याजवळ तर हात लावूच देऊ नये, पाळच कमजोर होते.

आता तुम्ही म्हणाल की हे काय, सिंचनाने पाणथळ जागा नासतातच असं म्हणणं आहे का. अजिबात नाही. उलट महाराष्ट्रातल्या बऱ्याच नावाजलेल्या पाणथळ जागा आमच्याच खात्याने बांधल्यात, फक्त बांधताना तसं मनात नव्हतं. नांदूर मधमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा घातला तो गोदावरीचे डावे-उजवे कालवे चालवायला. नद्यांनी गाळ आणून आणून बंधाऱ्यामागचा भाग उथळ केला, बेटं तयार झाली, गवत-पाणकणीस उगवलं, आणि वरून गंगापूर, दारणा धरणांतून आवर्तनं (ठरावीक पाळीने सोडलेलं पाणी) येत राहिली म्हणून ऐन कोरड्या महिन्यांतही पाणी थोडंथोडं हलतं राहिलं. आमच्या हिशोबात गाळ म्हणजे साठ्याचा तोटा. त्याच गाळावर १९८६ ला अभयारण्य झालं आणि २०२० च्या सुरुवातीला ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. मी ज्युनिअर असताना तिथल्या कालव्यांवर होतो, हिवाळ्यात चापडगावच्या बाजूला पहाटे उभं राहिलं की वारकरी (पंढरीचे नव्हे, काळे पांढऱ्या कपाळाचे पाणपक्षी) इतके असायचे की पाणी काळं दिसायचं, आणि आमचे साहेब म्हणायचे साठा किती घटलाय बघा.

उजनीचं तर सगळ्यांनाच माहिती. १९८० ला धरण झालं, एकूण साठा ११७ टीएमसी आणि त्यातला ६३ टीएमसी मृतसाठा. आता भिगवण, कुंभारगाव, डाळजला लोक रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायला येतात. ते कधी येतात बघा. धरण भरलेलं असताना नाही. कालव्यातून आवर्तनं सुटायला लागली, पाणी फुगवट्याकडून (धरणाच्या पाण्याच्या वरच्या टोकाकडून) मागे सरकायला लागलं, काठाचा चिखल उघडा पडला की येतात. ज्या वर्षी पाऊस चांगला आणि पाणी उतरत नाही त्या वर्षी भिगवणचे नाववाले वाट बघत बसतात. म्हणजे तिथे पाणी कमी होणं हेच रोहितांचं जेवण. पण त्याला पण वेग आहे, हळूहळू उतरलं तर रोज थोडा नवा चिखल आणि रोज नवं खाणं. दणादण उतरलं तर सगळा चिखल एकदम उघडा पडतो, आठवड्यात भेगा पडतात आणि संपलं.

आणि त्याच उजनीची दुसरी बाजू मी सोलापुरात असताना पाहिली. पाटाचं पाणी आणि त्याच्या जिवावर वाढलेल्या विहिरी जिथे पोचल्या तिथे माळरान फोडून ऊस झाला. नान्नजला माळढोकासाठी १९७९ ला अभयारण्य केलं होतं, आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. माळढोकाला पाणी नको, उघडं बोडकं गवत हवं. याला एकटा कालवा जबाबदार असं मी म्हणणार नाही, पण कालवा मोठा वाटेकरी आहे. जुन्नरकडे कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर उसाचा पट्टा झाला आणि बिबट्याने उसातच पिल्लं घालायला सुरुवात केली, तेही त्यातलंच. तेव्हा कुणी सरसकट "सिंचन वन्यजीवांना चांगलं" किंवा "वाईट" म्हणालं की मी विचारतो, कुठल्या जीवाला, आणि त्याची आधीची जागा काय होती.

परत तुमच्या तलावावर येतो. ढिवर मंडळी नाराज का, तर माशांचं गणितही काठाचंच आहे.

ठेक्यात येतात ते रोहू, कतला, मृगळ. हे वाहत्या नदीचे मासे, साठलेल्या पाण्यात ते वाढतात पण अंडी घालत नाहीत, म्हणून दरवर्षी बीज विकत आणून टाकायचं. खोल पाणी त्यांना चालतं, त्यामुळे कागदावर उत्पादन वाढलेलं दिसेलही. पण ढिवराच्या घरी रोज शिजतो तो मासा वेगळा. मरळ, शिंगी, मागूर, वाम, झिंगे, बारीक खवल्यांचे कितीतरी. यांना कुणी बीज आणून टाकत नाही. पहिले दोन-चार मोठे पाऊस झाले की हे उथळात चढतात, गवतात, देवधानात (आपोआप उगवणाऱ्या रानधानात), अगदी बांध्यांमधे शिरतात आणि तिथे अंडी घालतात. मरळ तर पाणवनस्पतीत जागा साफ करून घरटं करते आणि पिल्लं लाल झुबक्यासारखी वर तरंगत असताना नर-मादी खाली राखण करतात, हे तुम्ही पाळीवर उभं राहून ऑगस्टमधे बघू शकता. पिचिंगच्या दगडावर मरळ कुठे घरटं करणार.

दुसरं, सलंग. तलाव भरून सलंग वाहायला लागला की खालच्या नाल्यातले मासे उलटे चढतात. कोकणात याला चढणीचे मासे, वलगणीचे मासे म्हणतात, तुमच्याकडे सलंगावर त्या रात्री अख्खं गाव टॉर्च घेऊन असतं. जुना सलंग म्हणजे बहुतेक वेळा दगडांचा ओबडधोबड उतार, त्यावरून पाणी घुटमळत येतं आणि मासा दगडाआड थांबत थांबत वर जातो. नव्या डिझाइनमधे काँक्रीटची उभी भिंत आणि खाली एप्रन (काँक्रीटची फरशी) येतो. तीन-चार फुटांची सरळ उडी बारका मासा मारू शकत नाही. मी असा एक सलंग पाहिलाय, पहिल्या पुराच्या रात्री भिंतीच्या पायथ्याशी मासे नुसते आपटत होते, आणि पोरं टोपल्याने भरत होती. पोरांना त्या वर्षी मज्जा, पुढच्या वर्षी टोपली रिकामी. यावर उपाय अगदी स्वस्त आहे, भिंतीच्या खालच्या अंगाला मोठे दगड टाकून लांब, खडबडीत उतार करायचा. डिझाइन बदलायला लागत नाही, दगड तिथेच असतात. कोल्हापुरी बंधाऱ्याला निदान पावसाळ्यात बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेले असतात म्हणून मासा जाऊ शकतो, पक्क्या भिंतीला ती सोय नाही.

तिसरं म्हणजे उन्हाळा. पूर्वी मामा तलावाचं पाणी मुख्यतः खरिपाच्या शेवटी लागायचं. पाऊस उघडला आणि धान निसवायला लागलं की सप्टेंबर-ऑक्टोबरमधे तुडूम (तलावाचं पाणी सोडायचं दार) उघडायचा, बांध्या भिजवायच्या, उरलेलं पाणी निस्ताराला (गावाच्या रोजच्या वापराला), जनावरांना, माशांना. थंडीभर ते सावकाश उतरायचं, आणि नेमकी तेव्हाच उत्तरेकडची बदकं यायची. आता इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली उन्हाळी धान बघून सगळ्यांनाच उन्हाळी धान हवंय, तलावावर मोटारी लागतात, आणि फेब्रुवारी ते एप्रिलमधे पाणी असं खाली जातं की डबकंसुद्धा राहत नाही. मरळ-मागूर चिखलात काही दिवस काढतात, बाकीचे मरतात. तुम्ही तलाव बारा फूट केलात आणि मोटारी वीसच्या चाळीस झाल्या तर मे महिन्यात तुम्ही होता तिथेच, वर काठ गेलेला. हे मला सगळ्यात जास्त सतावतं, कारण कामाच्या अंदाजपत्रकात मोटारींचा कॉलमच नसतो.

म्हणून खोलीकरणाला माझा सरसकट विरोध नाही. तलावाच्या पाचवा-सहावा हिस्सा जागेत, पाळीपासून अंतर सोडून, मधल्या खोलगट भागात एक डोह करा. तिथलं पाणी मोटारीला नाही, असं ग्रामसभेत ठरवून पाण्यात एक खांब रोवा आणि त्यावर लाल रंगाची रेघ मारा. रेघ दिसली की मोटार बंद. कागदावरच्या ठरावापेक्षा ही रेघ जास्त काम करते कारण ती बायका-पोरांनाही दिसते आणि कुणी रात्री मोटार चालवली तर सकाळी गावाला कळतं. डोह राहिला की पुढच्या जूनला अंडी घालायला मोठे मासे शिल्लक राहतात.

सलंग उचलण्याबद्दल जरा सावध. दीड फूट ऐकायला कमी वाटतं पण शंभराला एकच्या चढावर दीड फूट म्हणजे पाणी मागच्या अंगाला दीडशे फूट पसरणार. मागे कोणाच्या बांध्या आहेत? बुडीताची भांडणं तिथून सुरू होतात. आणि आता जिथे देवधान, गवत उभं आहे तिथे पाणी अजून खोल होणार. मागे सरकायला मोकळी जमीन असेल तर तो हिरवा पट्टाही चार-पाच वर्षांत मागे सरकतो, बांध्या असतील तर पट्टा मधे चिरडला जातो आणि संपतो. तुमच्याकडे यातलं काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे इथे मी हो-नाही सांगू शकत नाही. तलाव गाळाने इतका भरलाय का की धानाला शेवटचं पाणीच मिळत नाही, की मिळतं आणि तरी काम आलंय म्हणून करायचंय? वर जंगल आहे का शेती? तलावात कालव्याचं पाणी सोडतात का? उन्हाळ्यात पूर्ण आटतो का? या चार गोष्टींवर बरंच अवलंबून आहे. गाळाने मेलेला तलाव असेल तर गाळ काढायलाच हवा, त्यात पाखरांचंही भलं आहे.

आता सारस. महाराष्ट्रात सारस उरलेत ते जवळजवळ सगळे गोंदिया जिल्ह्यात, थोडे आजूबाजूला. हा एवढा उंच पक्षी पण घरटं जमिनीवर, उथळ पाण्यात गवताचा ढीग करून, कधी तलावाच्या कडेला देवधानात तर कधी सरळ कुणाच्या बांधीत. पावसाळ्यात अंडी, बहुधा दोन, आणि साधारण महिनाभर उबवणं. त्या महिन्यात पाणी सावकाश चढलं तर जोडी गवत टाकून घरटं उंच करत राहते, हे मी एका बांधीत स्वतः पाहिलंय. मालक रोज धुऱ्यावरून बघायचा आणि मला म्हणाला की माझं चार पायल्या धान गेलं तर गेलं. पण वरून कुणी एकदम दार उघडून पाणी सोडलं, किंवा सलंगाला फळ्या लावून रात्रीत फूटभर पाणी चढवलं, तर अंडी गेली. म्हणजे तुमच्या तलावावर सारस येण्या-न येण्याचा संबंध पाणी किती याच्याशी कमी आणि जुलै ते सप्टेंबर दार कोण चालवतं याच्याशी जास्त. दार चालवणाऱ्या माणसाशी दोस्ती करा. गंमत नाही करत, नोकरीत मी जे काही थोडंफार वाचवू शकलो ते असल्या माणसांना एक फोन करून.

नहराच्या अस्तरीकरणावर मी दोन्ही बाजूंनी बोलतो आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो. कच्च्या नहरात पाणी मुरतं, टेलच्या (नहराच्या शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्याला पोचत नाही, हे खरं. पण मुरलेलं पाणी हवेत जात नाही, त्याच्यावर खालच्या विहिरी, ओलसर पड्या जागा, बेडूक, खेकडे आणि ते टिपणारे कांडेसर-शराटी जगतात. तुमचा नहर लहान आहे, तेव्हा माझं मत की टेलला पाणी पोचत नसेल तर तेवढ्याच गळक्या लांबीत अस्तर करा, सगळीकडे नको. मोठ्या कालव्यांचा प्रश्न वेगळा आणि जास्त वाईट. उभ्या, गुळगुळीत भिंतींचा कालवा जंगलाच्या कडेने गेला की पाणी प्यायला आलेलं चितळ, रानडुक्कर आत पडतं आणि बाहेर येता येत नाही, खूर सरकतात. गोसेखुर्दच्या कालव्यांबद्दल अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. प्लास्टिकच्या शेततळ्यांचंही तेच, कोल्हा काय आणि माणसाचं पोर काय. शेततळ्यात एक दोर, त्याला बांधलेले जुने टायर आणि एका बाजूला काथ्याची किंवा बारदानाची पट्टी टाकली तरी जीव वाचतो, खर्च चार-पाचशे रुपये. कालव्याला ठराविक अंतरावर खडबडीत उतार ठेवायला पाहिजेत, ते डिझाइन करतानाच ठेवले तर खर्च काही नाही, नंतर करायचे म्हटले की फाईल फिरते.

माशांच्या बाबतीत अजून एक, ठेका कोणाला जाईल ते माहीत नाही पण बीज कुठलं टाकणार ते विचारून घ्या. गवत्या मासा टाकला तर तो नावाप्रमाणे पाणवनस्पती साफ करतो, सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो, चिलापी एकदा आली की जात नाही, उजनीवर जाऊन बघा बाजारात काय जास्त असतं. आणि आफ्रिकन मागूर ज्याला लोक थाई मागूर म्हणतात त्याला तर बंदीच आहे, तरी कुणीतरी आणतो. रोहू-कतला टाकायला हरकत नाही, फक्त काठची वनस्पती राखून.

वनस्पती गेलीच असेल तर परत आणता येते, आणि हे काम तुमच्याच तालुक्यात झालेलं आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि मनीष राजनकर यांनी ढिवर लोकांसोबत, त्यातही बायकांसोबत, तलावात माजलेली बेशरम नावाची झुडपं उपटून, उन्हाळ्यात तळ नांगरून, ओल आल्यावर देशी पाणवनस्पती लावल्या, धान रोवतात तशा. कुठली झाडं कुठल्या माशाला लागतात हे ढिवरांना तोंडपाठ होतं, ते फक्त कुणी विचारत नव्हतं. अर्जुनी मोरगावहून तुम्हाला ते लोक शोधायला फार वेळ लागायचा नाही. माझ्यापेक्षा त्यांना विचारा.

आत्तापर्यंतचं एका दमात : गाळ काढा पण मुरूम उघडा पाडू नका, डोह एकच आणि मधे, समोरचा उथळ काठ अजिबात कापू नका, पिचिंग पाळीला लाटा लागतात तिथेच (तिथे ते खरंच लागतं), सलंग उचलायच्या आधी मागच्या बांध्यांचं बघा आणि उचललाच तर खाली दगडांचा उतार, आणि मोटारींना लाल रेघ.

हे ग्रामसभेत मांडताना पाखरांचं नाव आधी काढू नका, असा माझा अनुभवाचा सल्ला आहे. सारस म्हटलं की कुणीतरी उठून "माणसं मोठी का पाखरं" सुरू करतो आणि बैठक तिथेच संपते. मरळीपासून सुरू करा. गावात मरळ किती मिळायची आणि आता बाजारात काय भावाने मिळते हे सगळ्यांना माहीत असतं, सगळे बोलायला लागतात. आणि शाखा अभियंत्याला ग्रामसभेत कोंडीत पकडू नका, आधी जाऊन तलावावर एक चक्कर मारा त्याच्यासोबत. काम मंजूर झालं म्हणजे नकाशा दगडावर कोरला असं नसतं, खोदकामाची जागा आणि पिचिंगची लांबी यात जागेवर बदल करायला त्याला थोडी मोकळीक असते, पण चारचौघांत अंगावर गेलं की तो अंदाजपत्रकाच्या मागे लपतो. मीही लपलोय.

पोकलेन यायला अजून वेळ असेल तर एवढं करा. बांबूच्या वीसेक खुंट्या घ्या, आत्ता पाणी जिथे टेकलंय तिथे एक रोवा, मग दर रविवारी नवी कडा जिथे असेल तिथे पुढची. सोबत वहीत लिहा त्या दिवशी किती मोटारी चालू होत्या आणि उथळात काय काय बसलं होतं, नाव येत नसेल तर "लांब पायाचा, काळा-पांढरा" एवढं चालेल. एप्रिलपर्यंत खुंट्यांची रांग तयार होईल. मग पाळीवरून तिचा एक फोटो आणि वहीची पानं इथे टाका, खुंट्यांमधलं अंतर पावलांनी मोजून लिहा. त्यावरून डोह कुठे आणि केवढा करायचा ते मी तुम्हाला काढून देतो, नकाशासकट.